लग्नासाठी गहाण पडलेला माणूस



सुरगाण्याच्या बाजारात उभे राहून मावळतीकडे पाहिले, की डोंगरांच्या रांगा एकीपुढे एक उतरत गुजरातेकडे गेलेल्या दिसतात. नार आणि पार या आपल्या नद्या. त्यांचे पाणी आपल्या डोंगरातले, पण ते वाहत जाते पश्चिमेच्या समुद्राला. माणसांचेही असेच आहे. आपला कोकणा, वारली, महादेव कोळी हा सारा समाज सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना पसरलेला. सोयरीक इकडची तिकडे होते, तिकडची इकडे येते. म्हणून घाटाखाली जे घडले ते आपल्यालाही परके नाही. आज मी तुम्हांला घाटाखालचीच एक हकिगत सांगणार आहे. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातली, म्हणजे २०१४ पासून ज्याला आपण पालघर जिल्हा म्हणतो तिथली. ही हकिगत लग्नाची आहे, आणि गुलामगिरीची आहे.

आता तुम्ही म्हणाल, लग्नाचा आणि गुलामगिरीचा काय संबंध? तोच तर सांगायचा आहे.

वारल्याच्या घरचे लग्न तुम्ही पाहिले असेल. भिंत शेणाने सारवायची, वर गेरूचा हात फिरवायचा, आणि सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौक काढायचा. चौकात पालघट देवी. धवलेरी गाणी म्हणते आणि तिच्या तोंडूनच लग्न लागते. बाहेरच्या भटजीची तिथे गरज नाही. रात्री तारपा वाजतो आणि त्याच्याभोवती माणसांची साखळी गोल फिरते. जगभर ज्या वारली चित्रांचे आज कौतुक होते, ती चित्रे मुळात या लग्नाच्या भिंतीवरची. एवढा देखणा संस्कार आहे हा.

पण संस्कार झाला तरी त्याला खर्च आला. पाहुण्यांना भात हवा, ताडी-दारू हवी, नवरानवरीला लुगडे-धोतर हवे, मुलीच्या बापाला देज द्यायचे. पावसाळा संपेपर्यंत ज्याच्या कणगीत दाणा उरत नाही, त्याने हे आणायचे कोठून? म्हणून पुष्कळ ठिकाणी रीतच पडली होती, की मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी मान डोलावली, की दोघांनी एकत्र राहू लागायचे आणि पैसा जमेल तेव्हा लग्न लावायचे. कुणाचे दोन वर्षांनी, कुणाचे पोरे झाल्यावर. पण केव्हा तरी ते लावावेच लागे. लग्न लागल्याशिवाय देवाधर्माचा आणि जातीचा पूर्ण मान मिळत नसे.

मग तो तरुण सावकाराच्या अंगणात जाऊन उभा राही.

इथे जरा मागे जाऊ. हा सावकार आला कोठून? एके काळी डहाणू, उंबरगाव भागातली पुष्कळशी जमीन वारली समाजच कसत होता. इंग्रजी अंमल आला, जमिनीची मोजणी झाली, सारा रोख रकमेत ठरला. ज्याने कधी नाणे फारसे हाताळले नाही त्याला दरसाल रोख पैसा भरायचा हुकूम झाला. तो पैसा कर्जाने काढावा लागला. कर्जाचा कागद त्याला वाचता येत नव्हता. अंगठा मात्र उमटवता येत होता. अशा कित्येक अंगठ्यांनी जमिनी सावकारांच्या, ठेकेदारांच्या आणि जमीनदारांच्या नावावर गेल्या. तीन पिढ्यांत मालकाचे कूळ झाले आणि कुळाचा मजूर. वर जंगलही सरकारी झाले. लाकूडफाटा, पाला, शिकार, सगळ्यावर पहारा बसला. म्हणजे लग्नाच्या वयाला आलेल्या वारली तरुणापाशी गहाण टाकायला ना जमीन उरली होती, ना झाड. त्याच्यापाशी एकच वस्तू शिल्लक होती, ती म्हणजे स्वतःचा देह.

तोच त्याने गहाण टाकला. अशा माणसाला नाव पडले ‘लग्नगडी’.

गुरुजी, हा शब्द वर्गात मुलांना फोड करून सांगण्यासारखा आहे. ‘गडी’ म्हणजे सोबती. खेळगडी, सवंगडी हे शब्द आपण किती मायेने वापरतो! आणि ‘गडी’ म्हणजेच चाकरही. घरगडी, सालगडी. लग्नगडी या शब्दात दोन्ही गडी एकत्र आले. एकीचा जन्माचा सोबती होण्यासाठी तो दुसऱ्याचा जन्माचा चाकर झाला.

व्यवहार दिसायला सोपा होता. समजा, शंभर रुपये उचलले. ते फिटेपर्यंत सावकाराच्या घरी आणि शेतात राबायचे. पण राबण्याची मजुरी किती, ती कर्जातून किती वळती होणार, व्याज किती, याचा हिशेब सावकाराच्या चोपडीत. आणि चोपडी सावकाराच्या कपाटात. पेजेपुरते धान्य मिळे तेही खात्यावर चढे. आजारी पडला, दिवस खाडा झाला, तेही खात्यावर. कर्ज उतरायचे ते चढतच जाई.

हे गणित आपण फळ्यावर मांडून पाहू. १९४५ साली वारली मजुरांनी रोजाला बारा आणे मागितले होते, तोच दर धरू. रुपयाचे सोळा आणे. म्हणजे शंभर रुपयांचे झाले १,६०० आणे. रोज बारा आणे फेडले तर १३४ दिवसांत कर्ज संपले. साडेचार महिन्यांचा मामला! आता तोच माणूस विसाव्या वर्षी बांधला गेला आणि पन्नाशीपर्यंत राबला असे समजा. वर्षाला ३०० दिवस धरले, तर तीस वर्षांत ९,००० दिवस झाले. बारा आण्यांनी त्याची किंमत होते ६,७५० रुपये. शंभर रुपयांपोटी पावणेसात हजारांचे काम, आणि तरी चोपडीत बाकी आहेच! पोरांना व्याजाचा धडा शिकवताना हे उदाहरण घाला. ते जन्मात विसरणार नाहीत.

पण या व्यवहाराची खरी किंमत गणितात येत नाही. लग्नगडी एकटा बांधला जात नसे. ज्या बाईशी संसार थाटायचा म्हणून त्याने कर्ज काढले, तीही त्याच्या मागोमाग सावकाराच्या घरी राबायला जाई. शेण-गोठा, दळण, पाणी, सारे तिच्या अंगावर पडे. आणि एवढ्यावर थांबले असते तरी म्हटले असते की ठीक. ती बाई मालकाच्या हाती सापडलेली असे. तिच्यावर मालकाची नजर गेली, तर नवऱ्याने मान खाली घालायची. तक्रार केली तर फटके. पळून गेला तर माग काढून, बांधून परत आणत.

मंडळी, जरा विचार करा. आपण पुष्कळ प्रेमकथा ऐकतो. तिथे आईबाप आड येतात, जात आड येते, गरिबी आड येते, आणि दोघांची ताटातूट होते. ऐकणाऱ्याच्या डोळ्याला पाणी येते. इथे ताटातूट झाली नाही. दोघांचे लग्न झाले, भिंतीवर चौक उमटला, तारपा वाजला. आणि त्या लग्नानेच दोघांचा घात केला. ज्याच्यापायी हा माणूस जन्माचा बांधला गेला, त्या बायकोला तो राखू शकत नव्हता. हे दुःख एका जोडप्याचे नव्हते. पाड्यापाड्यांतून अशी जोडपी होती, आणि त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही कागदात नाहीत.

मग कायदा काय करत होता, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. कायदा होता. हिंदुस्थानात १८४३ सालच्या कायद्याने गुलामगिरीला सरकारी मान्यता उरली नव्हती. म्हणजे लग्नगडी हा कायद्याने गुलाम नव्हताच. तो म्हणे आपखुशीने राहिलेला कर्जदार! मुंबई सरकारने सायमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याला आदिवासी भागाच्या पाहणीला पाठवले. १९३८-३९ च्या सुमाराला त्याचा अहवाल आला. त्यात सावकारी, वेठ, मारहाण, बायकांवरचे अत्याचार हे सारे त्याने नमूद केले. एका इंग्रज सनदी अधिकाऱ्याने स्वतःच्याच सरकारला लिहून दिलेली ही गोष्ट होती. पण अहवाल कपाटात राहिला आणि लग्नगडी गोठ्यात राहिला. आणि हा प्रकार एकट्या डहाणू-उंबरगावचा होता असेही नाही. तिथून उत्तरेला, सुरत-बलसाडकडे, दुबळा समाजातला ‘हाळी’ असाच लग्नाच्या कर्जापायी धनिकाच्या शेतीला पिढ्यानपिढ्या जुंपलेला असे.

आता या गोष्टीत दुसरे एक जोडपे येते.

पुण्यातल्या एका सुखवस्तू वकिलाची मुलगी गोदावरी गोखले. जन्म १९०७ चा. नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नात्यातले हे घर. मुलगी कायद्याची पदवी घेते, आणि वकिली न करता भारत सेवक समाजात आजीव सेविका म्हणून दाखल होते. मुंबईत प्रौढ साक्षरतेचे काम करते, घरकाम करणाऱ्या गड्यामाणसांची संघटना बांधते. त्याच समाजात शामराव परुळेकर होते. हे शामराव डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात निवडून गेलेले, कोकणातल्या खोतीविरुद्ध १९३८ साली शेतकऱ्यांचा जो मोठा मोर्चा मुंबईत निघाला त्यात पुढे असलेले. कामातून ओळख झाली, ओळखीतून ओढ वाढली, आणि १९३९ साली दोघांनी लग्न केले. दोघेही पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. महायुद्धाला विरोध केला म्हणून लग्नानंतर वर्षभरातच दोघांना तुरुंग घडला, तो १९४२ पर्यंत. त्यांच्या संसाराची सुरुवात ही अशी.

सुटून आल्यावर त्यांनी शेतकऱ्यांत काम सुरू केले. ७ जानेवारी १९४५ ला कल्याणजवळ टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेची परिषद भरली. उंबरगाव तालुक्यातून तिथे मोजके वारली आले होते. त्यांत झरी गावचे माह्या धांगडा होते. त्यांनी भर सभेत आपल्या लोकांची वेठ आणि हाल सांगितले. ज्याच्या बापजाद्यांनी मालकासमोर मान वर केली नव्हती, तो माणूस हजारोंच्या सभेपुढे बोलत होता. परुळेकर दांपत्य त्यानंतर उंबरगावच्या रानात गेले. पाड्यापाड्यांवर पायी हिंडायचे, झोपडीत मुक्काम करायचा, असेल ती भाकर-पेज त्यांच्याबरोबर खायची. शहरातली शिकली-सवरलेली बाई आपल्या चुलीपाशी बसते, आपले पोर मांडीवर घेते, हे पाहूनच कित्येक बायकांची तोंडे पहिल्यांदा उघडली. जे नवऱ्यालाही सांगितले नव्हते, ते त्यांनी गोदावरीबाईंना सांगितले.

२३ मे १९४५ ला झरीला सभा भरली. पाच हजारांच्या आसपास वारली जमले. ठराव झाले ते साधेच. वेठ करायची नाही. फुकट राबायचे नाही. रोजाला बारा आणे रोख मिळाल्याखेरीज मालकाच्या शेतात पाऊल टाकायचे नाही. भिऊ नका, एकीने राहा. एवढेच. पण हे शब्द घेऊन माणसे पाड्यांवर गेली आणि वणवा पसरावा तशी बातमी पसरली. लग्नगड्यांना सांगण्यात आले, की तुम्ही कोणाचे विकत घेतलेले नाही. उठा आणि आपल्या घरी जा.

आणि ते उठले. एकेक लग्नगडी बायकोला घेऊन सावकाराचे अंगण सोडून आपल्या पाड्यावर परत गेला. तलवार चालली नाही, कोर्टाचा निकाल लागला नाही. पिढ्यानपिढ्यांचे बंधन काही थोड्या दिवसांत गळून पडले. बेडी लोखंडाची असती तर ती तोडायला लोहार लागला असता. ही बेडी भीतीची होती. शेजारचा भीत नाही असे दिसल्यावर ती आपोआप सुटली.

पण अशा गोष्टी फुकट मिळत नाहीत. पावसाळा सरला आणि गवतकापणीचा हंगाम आला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मिळावेत अशी मागणी करून मजुरांनी संप केला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला बाईंची सभा आहे अशी हूल उठवली गेली, आणि दूरदूरच्या पाड्यांवरून हजारो लोक तिथे येऊन बसले. तिकडे पोलिसांना कळवण्यात आले, की वारली दंग्यासाठी जमले आहेत. गोळीबार झाला. पाच जण ठार झाले. त्यांत जेठ्या गांगड होता. लोक पांगले नाहीत. ते तासन्‌तास तिथेच बसून राहिले. परुळेकर पति-पत्नींना जिल्ह्यात यायला बंदी झाली. तरीही संप टिकला, आणि गवताचा दर मालकांना कबूल करावा लागला.

या चळवळीच्या राजकारणाविषयी तेव्हाही दोन मते होती, आजही असतील. ते मोजमाप ज्याचे त्याने करावे. पण लग्नगडी मोकळा झाला ही गोष्ट बरी झाली की वाईट, याविषयी दोन मते होऊ शकत नाहीत.

परुळेकर दांपत्याचे पुढे काय झाले? मूल-बाळ, घर-दार असा चारचौघांसारखा संसार त्यांनी केला नाही. कधी तुरुंग, कधी भूमिगत राहणे, कधी जिल्हाबंदी. १९५७ साली शामराव ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. पुढे पुन्हा स्थानबद्धता आली. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात असतानाच ३ ऑगस्ट १९६५ ला शामराव हृदयविकाराने गेले. ज्या दोघांनी शेकडो जोडप्यांना मालकाच्या अंगणातून सोडवून घरी पाठवले, त्यांच्या स्वतःच्या सहजीवनाचा शेवट तुरुंगाच्या भिंतीआड झाला.

गोदावरीबाई त्यानंतर एकतीस वर्षे जगल्या. १९७० साली त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. वारली पाड्यांवर पाहिलेले-ऐकलेले सारे त्यात आहे. गुरुजी, आपल्या शाळेच्या कपाटात हे पुस्तक नसेल तर मागवून घ्या. बाई ८ ऑक्टोबर १९९६ ला वारल्या. लोक त्यांना गोदूताई म्हणत.

आता पुन्हा सुरगाण्याला येऊ. उंबरगावात हे घडत होते तेव्हा सुरगाणा हे देशमुखांचे लहानसे संस्थान होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले आणि नाशिक जिल्ह्यात आले. त्याच साली मुंबईचा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ धरून कसणाऱ्याला मालक करण्याचे ठरले. १९७६ साली वेठबिगारी मुळातून रद्द करणारा कायदा झाला. त्यात कर्जापोटी बांधलेल्या माणसाचे कर्जच संपले असे लिहिले आहे. २००६ साली वनहक्काचा कायदा झाला. त्या हक्कांचे कागद हातात पडावेत म्हणून मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या हजारो शेतकऱ्यांत आपल्या सुरगाणा-पेठचे लोक मोठ्या संख्येने होते. सोलवटलेल्या पायांची त्यांची छायाचित्रे देशाने पाहिली. शहरातल्या लोकांनी त्यांना पाणी दिले, चपला दिल्या. टिटवाळ्याला बोलायला उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या माणसापासून ही वाट निघाली होती.

मग आता सगळे आलबेल झाले का? नाही, मंडळी. आजही दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरची तरुण माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात. जाण्यापूर्वी उचल घेतात, आणि ती उचल पुष्कळदा लग्नासाठीच असते. २०२२ साली आपल्याच जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यात, थोड्याशा पैशांपोटी परगावी मेंढ्यांमागे राबायला ठेवलेल्या कातकरी पोरांचा प्रकार उघडकीला आला. कायदा होऊन तेव्हा ४६ वर्षे झाली होती! चोपडी गेली, पण चोपडी लिहिणारा हात अजून कोठे कोठे शिल्लक आहे.

म्हणून शेवटी दोन गोष्टी मागतो.

पहिली, घरातल्या वडीलधाऱ्यांना. लग्न थोडक्यात करा. तारपा वाजू द्या, चौक निघू द्या, धवलेरीला मान द्या; हे आपले धन आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. पैसा लागतो तो डीजेला, मांडवाला आणि चारचौघांत मिरवायला. अलीकडे आदिवासी भागात सामुदायिक विवाह होतात. वीस-वीस वर्षे संसार केलेली जोडपी तिथे बाशिंग बांधून उभी राहतात, आणि त्यांचीच पोरे टाळ्या वाजवतात. त्यांना कुणी हसू नये. कर्ज न काढता लागलेले ते लग्न आहे. लग्नगड्याला जे साधले नाही, ते त्यांना साधले.

दुसरी मागणी गुरुजींना आणि बाईंना. मुलांना हिशेब शिकवा. उचल घेताना रक्कम, तारीख, मजुरीचा दर आणि फिटलेले दिवस वहीत लिहून ठेवायला शिकवा, आणि ती वही आपल्याजवळ ठेवायला शिकवा. लग्नगड्याच्या साऱ्या दुःखाच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. त्याचा हिशेब दुसऱ्याने लिहिला, आणि तो त्याला वाचता आला नाही.

पुढच्या वेळी एखाद्या लग्नघरी भिंतीवरचा चौक पाहाल, तेव्हा त्या बिननावाच्या जोडप्यांची एकदा आठवण काढा. तांदळाच्या त्या पांढऱ्या रेघांसाठी त्यांनी अख्खा जन्म मोजला होता.